अक्षर गिरवायचा प्रोग्रॅम : माउस, बोट आणि पेन तिन्ही चालले पाहिजेत. सल्ला हवा (बजेट ३,००० रुपये)

निलंगा_मास्तर · रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी निलंगा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. पहिलीच्या लेकरांसाठी अक्षर गिरवायचा एक छोटा प्रोग्रॅम बनवायलोय, ब्राउझरमध्ये चालणारा. पडद्यावर ठिपक्यांचा ‘क’ दिसतो, लेकरानं त्यावरून रेघ ओढायची, रेघ बरोबर दिशेनं गेली की पुढचा तुकडा उजळतो.

शाळेत जुने नऊ कॉम्प्युटर आहेत आणि दोन टॅब. पहिलीत ३१ लेकरं. पुढं कुणी पेन असलेला टॅब देणगी दिला तर तोही चालावा असं वाटतं.

माझ्या अडचणी अशा. माउससाठी मी एक कोड लिहिला (माउसडाउन, माउसमूव्ह, माउसअप), टॅबसाठी दुसरा (टचस्टार्ट, टचमूव्ह). टॅबवर बोट टेकवलं की कधीकधी एकाच जागी दोन ठिपके उमटतात. ‘ग’चा उभा दंड ओढताना पानच सरकतं आणि रेघ मधेच तुटते. आता पेनसाठी तिसरा कोड लिहायचा का? आणि पेनवर तपासून बघायला ३,००० पर्यंत काय घ्यावं? पैसे पगारातले आहेत, त्यामुळं याच्या वर जमणार नाही.

अजून एक. अक्षर कसं काढायचं हे आधी दाखवायला पडद्यावरचा बाण आपोआप फिरवता येतो का?

जूनमध्ये शाळा उघडायच्या आत करायचंय.

---

वजिराबाद_डिझायनर · रविवार, रात्री १०:०५

सर, वॅकॉम कंपनीचा पेन टॅब्लेट घ्या आणि मोकळे व्हा. माझं नांदेडला फ्लेक्सचं काम आहे. नऊ वर्षं झाली एकच वॅकॉम वापरतोय, फक्त पेनचं टोक तीनदा बदललं. लग्नसराईत दिवसाला चाळीस-चाळीस डिझाइन त्यावर निघतात. ३,००० मधी नका बघू, आठ-नऊ हजार बाजूला काढा. एकदाच घ्यायची वस्तू आहे.

प्रोग्रॅमिंगचं मला माहीत नाही.

---

पुण्यातला_उदगीरकर · रविवार, रात्री १०:३१

टॅबवर लिहायचं म्हणजे आयपॅड आणि ॲपल पेन्सिल, दुसरं काही नाही. माझी मुलगी त्यावरच मराठी शिकली. आमच्या टीममध्ये असल्या ड्रॉइंगच्या कामासाठी आयपॅडशिवाय तपासणीच होत नाही. जुनं मॉडेल बघा, थोडे जास्त पैसे जातील पण लेकरांचा अनुभव वेगळाच असतो.

आणि माउस सोडून द्या सर. माउसनं अक्षर गिरवून कुणाचं अक्षर सुधारलंय?

---

गोदाकाठ · रविवार, रात्री ११:१८

मास्तरांनी ३,००० सांगितलेत, आठ-नऊ हजार कुठून आले? आधी कोडचं बोलू, कारण यात खरेदी नंतर येते.

सर, तीन कोड लिहू नका. जे दोन लिहिलेत तेही काढून टाका. यासाठी पॉइंटर इव्हेंट्स आहेत (इव्हेंट म्हणजे काही घडलं की ब्राउझर कोडला देतो ती खबर). पॉइंटरडाउन, पॉइंटरमूव्ह, पॉइंटरअप या तिन्हींत माउस, बोट, पेन सगळं येतं. कोण आलंय ते पॉइंटरटाइप सांगतो : माउस, टच किंवा पेन. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं हे २०१५ मध्ये प्रमाण केलं. क्रोममध्ये ५५ पासून म्हणजे २०१६ च्या शेवटापासून आहे, फायरफॉक्समध्ये ५९ पासून, सफारीत १३ पासून. तुमच्या जुन्या कॉम्प्युटरवरही चालेल.

दोन ठिपके कामून उमटतात? बोट उचललं की ब्राउझर जुन्या साइटसाठी माउसचे नकली इव्हेंटही पाठवतो. तुमचे दोन्ही कोड जागे आहेत, म्हणून दोघंही ठिपका काढतात.

पान सरकतं ते ब्राउझरला वाटतं म्हणून की तुम्हाला स्क्रोल करायचंय. तो ते बोट स्वतःकडं घेतो आणि तुम्हाला पॉइंटरकॅन्सल पाठवून गप्प बसतो. त्यावर उपाय सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या भागात) आहे, टच-ॲक्शन : नन, म्हणजे स्पर्शावर ब्राउझरनं स्वतः काही करायचं नाही. हे आधीच लिहून ठेवायचं. बोट टेकल्यावर कोडमधून बदललं तर त्या रेघेला त्याचा उपयोग होत नाही. आणि पॉइंटरडाउनमध्ये प्रिव्हेंटडिफॉल्ट (ब्राउझरचं नेहमीचं काम रोखायची आज्ञा) लिहून स्क्रोल थांबत नाही. टचस्टार्टची सवय असलेले सगळे इथं अडकतात.

माउससाठी अजून एक ओळ : पॉइंटरडाउन आला की सेटपॉइंटरकॅप्चर करा, म्हणजे बाण चौकटीबाहेर गेला तरी खबर तुमच्याच कोडला येते. नाहीतर लेकरू माउस चौकटीबाहेर नेऊन बटण सोडतं, तुमच्यापर्यंत पॉइंटरअप येतच नाही, आणि परत आत आल्यावर बटण न दाबता रेघ उमटत राहते. बोटाला हे कॅप्चर आपोआप मिळतं, माउसला मागावं लागतं.

दोन बोटं टेकली तर इजप्रायमरी तपासा, पहिलं बोट तेवढं घ्या. झालं काम.

---

जिंतूरकर · सोमवार, सकाळी ७:५२

पेनबद्दल माझं ऐका, पैसे वाचतील. मी लातूरला गंजगोलाईतून रबरी टोकाचा पेन घेतला, दीडशे रुपयांचा. दुकानदार म्हणला कुठल्याबी टॅबला चालतो. चालतो, पण ब्राउझरला तो बोटच वाटतो! पॉइंटरटाइपमध्ये टच येतं, पेन येत नाही. दाब नाही, तिरपेपणा नाही. खरा पेन चालायला टॅबच्या काचेखाली त्याची वेगळी जाळी पाहिजे नाहीतर पेनात सेल पाहिजे, आणि टॅबला तो ओळखता आला पाहिजे.

दुसरं. टॅब चार्जिंगला लावून लेकरांना देऊ नका. आमच्याकडं वाडीवर वायरिंगला अर्थिंग नाही, चार्जर बाजारातला स्वस्तातला. पिन लावली की पडद्यावर आपोआप टच व्हायला लागायचे, बोट एकीकडं, रेघ दुसरीकडं. मी दोन रात्री कोडमध्ये चूक शोधली. पिन काढली अन् सगळं सरळ झालं.

---

लिनक्सवाला_जालना · सोमवार, सकाळी ९:१०

नऊ जुने कॉम्प्युटर म्हणताय म्हणजे त्यावर लिनक्स टाका, पुन्हा जिवंत होतील. बाण आपोआप फिरवायचा तर एक्सडूटूलनं एका ओळीत होतं. मी आमच्या दुकानात बिलाचं सगळं क्लिकिंग त्यावर टाकलंय, पाच वर्षं झाली.

---

पुण्यातला_उदगीरकर · सोमवार, सकाळी ९:२६

एक्सडूटूल वेलँडवर (लिनक्सचं नवं पडदा-तंत्र) चालत नाही. आता बहुतेक नवीन लिनक्समध्ये वेलँडच येतं. तिथं एका प्रोग्रॅमला दुसऱ्याचा बाण हलवायची मुभाच नाही. विंडोजवर राहा, बाण हलवायला सेंडइनपुट कित्येक वर्षांपासून आहे, आणि विंडोज ८ पासून बोटाचा स्पर्शसुद्धा इंजेक्टटचइनपुटनं तयार करता येतो.

---

लिनक्सवाला_जालना · सोमवार, सकाळी ९:४१

ज्या लिनक्समध्ये लॉगिन करताना जुनं पडदा-तंत्र एक्स११ निवडता येतं तिथं चालतं. आणि वेलँडवर यूइनपुट आहे, थेट कर्नलला सांगायचं की नवीन माउस जोडलाय. वर कुठलंबी पडदा-तंत्र असू द्या. विंडोजच्या लायसनचे पैसे तुम्ही देणार का?

---

गोदाकाठ · सोमवार, सकाळी १०:०३

दोघंही थांबा. मास्तरांचा प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये आहे. ब्राउझरमधल्या पानाला खरा बाण हलवता येत नाही, विंडोज असो की लिनक्स. कुठल्याही साइटनं तुमचा बाण नेऊन ‘पैसे पाठवा’ बटणावर ठेवला असता नाहीतर. पॉइंटर लॉक नावाची सोय आहे, पण ती बाण लपवून फक्त तो किती हलला ते सांगते.

सर, तुम्ही हाताचं एक चित्र काढा आणि ते ठिपक्यांवरून फिरवा. लेकराला बाणापेक्षा हात लवकर कळेल. एवढंच की त्या चित्राला सीएसएसमध्ये पॉइंटर-इव्हेंट्स : नन द्या. नाहीतर चित्र अक्षराच्या वर बसेल, लेकरू त्याच्यावर बोट टेकवेल आणि खालच्या चौकटीला काही कळणारच नाही.

---

खडू_फळा · सोमवार, दुपारी १:३५

मी अंबाजोगाईला बावीस वर्षं पहिली-दुसरी शिकवतेय. कोड मला कळत नाही, पण सर, लेकरांचं दोन गोष्टी सांगते.

लेकरू पाटी डाव्या हातानं धरतं. टॅब दिला तरी तसंच धरतं, अंगठा काचेवर येतोच. ‘अंगठा काढ’ म्हणून सांगून उपयोग नाही, तो त्याच्या पाटीचा हात आहे. गोदाकाठ दादा म्हणतात पहिलं बोट घ्या, पण लेकराचं पहिलं बोट म्हणजे हाच अंगठा! लिहायचं बोट दुसरं येतं.

दुसरं, रेघ मधेच तुटली तर लगेच लाल फुली दाखवू नका. मोठ्या माणसाला वाटतं पुन्हा काढील. ज्याच्या हातून दोनदा फुली आली ते लेकरू हात मांडीवर ठेवून बसतं. चूक त्याची होती की टॅबची, हे त्याला कुठं कळतंय?

आणि शिरोरेषा शेवटी. माझ्याकडं एकानं दाखवलेल्या ॲपमध्ये शिरोरेषा आधी काढायला लावायचे. मग लेकरं अक्षर तिला लोंबकळत ठेवतात.

माउसबद्दल उदगीरकर दादांशी मी सहमत आहे. माउसनं गिरवण्यात बोटांना वळण लागत नाही.

---

गोदाकाठ · सोमवार, दुपारी २:२०

ताई, तुमचं एकदम बरोबर आहे आणि माझा सल्ला चूक होता. सर, इजप्रायमरीवाली ओळ टाकू नका.

आधी दुसरं बोट काचेवर नसताना जे टेकतं ते प्रायमरी. अंगठा आधी टेकला तर प्रायमरी अंगठाच, आणि लिहिणारं बोट गाळलं जाणार. अंगठा उचलला तरी आधीच टेकलेलं बोट प्रायमरी होत नाही.

असं करा : प्रत्येक टेकलेल्या बोटाला वेगळा पॉइंटरआयडी असतो. त्याची एक यादी ठेवा. जे बोट पहिल्या ठिपक्याच्या आसपास टेकलं ते लिहिणारं. बाकीचे आयडी यादीत राहू द्या, पण त्यांची रेघ काढू नका. अंगठा कडेला असतो, तो ठिपक्याजवळ येत नाही. आणि टच-ॲक्शन : नन नुसत्या चौकटीला नको, गिरवायच्या सगळ्या पानालाच द्या, म्हणजे अंगठ्यानं पान हलायचं नाही.

फुलीचं तर फार महत्त्वाचं सांगितलंत. कोडमध्ये हा फरक असतोच, आपण तो वापरत नाही. पॉइंटरअप म्हणजे लेकरानं स्वतः बोट उचललं. पॉइंटरकॅन्सल म्हणजे यंत्रानं मधेच ओढून घेतलं : स्क्रोल, पडदा फिरला, कधी तळहात ओळखला. कॅन्सल आलं तर फुली नाही, चूक मोजायची नाही, रेघ जिथं तुटली तिथून पुढं ओढू द्यायची.

---

आष्टीकर · सोमवार, सायंकाळी ६:४४

सर पॉइंटर इव्हेंट्स वापरा, माउस आणि टचचा वेगळा कोड लिहू नका. टच-ॲक्शन नन द्या.

पेन टॅब्लेट मी ऑनलाइन घेतला होता, २,९०० ला, पडदा नसलेला. कंपनीचं नाव घेत नाही. आठ दिवस मला दाबच मिळेना, कितीबी जोर द्या ०.५. साध्या माउसचा दाब असाच येतो, बटण दाबलं की ठरलेला ०.५. म्हणजे ब्राउझर त्याला माउस समजत होता. शेवटी ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये विंडोज इंक नावाचा चौकोन बंद सापडला. तो चालू केला अन् पॉइंटरटाइप पेन यायला लागला, दाब ० ते १ च्या मधी नीट बदलायला लागला. कुणी पडदा नसलेला टॅब्लेट घेणार असेल तर आधी हे बघा.

पण सहा वर्षांच्या लेकराला हे देऊ नका. हात खाली, नजर वर, मोठ्यांना जमायला आठवडा जातो.

---

वजिराबाद_डिझायनर · सोमवार, सायंकाळी ७:१५

वॅकॉमला असलं काही करावं लागलं नाही मला.

---

निलंगा_मास्तर · बुधवार, रात्री १०:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही जुने कोड काढले, पॉइंटर इव्हेंट्स लावले. दोन ठिपके गेले, पान सरकायचं थांबलं. खडू_फळा ताई, पुतण्याला टॅब दिला तर त्यानं अगदी तुम्ही म्हणाल्या तसा अंगठा टेकवून धरला! यादीवाला उपाय चालला. शिरोरेषा शेवटीच ठेवली.

एक नवीन अडचण. पोरगं भरकन रेघ ओढतं तेव्हा ‘ळ’ची गोलाई कोनाकोनाची येते. कुठंतरी वाचलं की गेटकोअलेस्डइव्हेंट्स वापरायचं. माझ्या लॅपटॉपवर गोलाई सुधारली, पण शाळेतल्या नेटवर्कवरून टॅबवर उघडलं की असं काही नाहीच म्हणतो. टॅब जुना आहे म्हणून का?

---

गोदाकाठ · बुधवार, रात्री ११:२५

टॅबचा दोष नाही. क्रोम पडद्याच्या एका फ्रेमला एकच पॉइंटरमूव्ह देतो, मधले बिंदू त्याच्या पोटात गोळा करून ठेवतो. ते बाहेर काढायला हे फंक्शन आहे. पण ते फक्त सुरक्षित पत्त्यावर मिळतं, म्हणजे एचटीटीपीएस किंवा लोकलहोस्ट (त्याच मशीनवरून उघडलेलं पान). तुम्ही लॅपटॉपवर लोकलहोस्ट उघडलं असणार, आणि टॅबवर साधं एचटीटीपी अन् आयपीचा पत्ता.

दोन रस्ते आहेत. पान एचटीटीपीएसवर ठेवा. नाहीतर फंक्शन आहे का ते आधी तपासा, नसेल तर आलेल्या बिंदूंमधून सरळ रेघेऐवजी वक्र काढा. पहिलीच्या लेकरांना दुसरा पुरतो.

पेन विकत न घेता तपासायचं असेल तर सेलेनियम ४ आहे, ब्राउझर आपोआप चालवून तपासणी करणारा प्रोग्रॅम. त्यात पॉइंटर पेन आहे असं सांगून, दाब देऊन रेघ ओढून घेता येते. कोडमधून नकली पॉइंटरइव्हेंट बनवूनही होतं, पण तिथं सेटपॉइंटरकॅप्चर चूक दाखवील, कारण त्या आयडीचं खरं काही काचेवर टेकलेलं नसतं. त्यात प्रोग्रॅमचा दोष धरू नका.

---

जिंतूरकर · गुरुवार, सकाळी ८:०५

तीन हजारात जुना पेनवाला फोन बघा सर, मोठ्या पडद्याचा, पेन आत बसणारा. पडद्याला तडा असला तरी चालतंय, तपासायलाच पाहिजे. मला परभणीत एक मिळाला होता.

---

पुण्यातला_उदगीरकर · गुरुवार, सकाळी ९:३०

फोनवर अक्षर कसं दिसणार? आयपॅडच बघा. नाहीतर एखादा बरा टॅब घ्या, पण माउसवर वेळ घालवू नका एवढं नक्की.

---

खडू_फळा · गुरुवार, दुपारी १:१०

मलाही वाटतं, जे घ्याल ते बोटानं किंवा पेननं लिहायचं घ्या. आहेत त्या दोन टॅबला तिसरा जोडला तर चांगलं.

---

निलंगा_मास्तर · रविवार, सायंकाळी ५:२०

खरेदी झाली, सांगायला आलो.

शनिवारी शाळेची लॅब उघडून प्रोग्रॅम सगळ्या मशीनवर चालवला. नऊपैकी आठ कॉम्प्युटर सुरू झाले. पाचांचे माउस मेलेले. कुणाचं डावं बटण अडकतं, कुणाचा बाण एका कोपऱ्यातच जातो. दोन्ही टॅब नीट चालले.

मी लातूरहून पाच माउस आणले, लहान आकाराचे, लेकरांच्या मुठीत बसणारे. १,७५० रुपये झाले. उरलेल्यात दोन टॅबना चांगले चार्जर घेतले, जिंतूरकर भाऊंचं वाचून. चार्जिंग सुट्टीत, लेकरांच्या हातात टॅब असताना नाही.

उदगीरकर भाऊंनी माउस नको म्हणून सांगितलं, ताईंनीसुद्धा. त्यामागचं कारण मला पटलंय. माउसनं बोटांना वळण लागत नाही, हे खरं. पण मी दोन रात्री हिशोब करत बसलो. वर्गात ३१ लेकरं, टॅब दोन. तासाला एकाच्या वाट्याला किती मिनिटं येतात? बाकीची लेकरं दारात उभी राहून बघत असतात. तिसरा टॅब आणला असता तरी अठ्ठावीस दारातच. आठ कॉम्प्युटर चालू झाले तर दहा जागा होतात, तीन-तीनच्या गटात (एका गटात चार) सगळा वर्ग आत बसतो. ‘क’ कुठून सुरू होतो, रेघ कुठं वळते, शिरोरेषा कधी येते, एवढं माउसवरही कळतं. बोटाचं वळण पाटीवर आणि टॅबवर पाळीनं देईन, रोज.

माउससाठी रेघेची रुंदी वाढवली आणि ठिपक्यापासून थोडं लांब गेलं तरी चालवून घेतलं. टॅबला मोजमाप वेगळं ठेवलंय. पॉइंटरटाइप विचारून हे एका ओळीत झालं.

पेनचा कोड आत आहे, सेलेनियमनं तपासला. खऱ्या पेनवर कुणी बघून देईल का? पत्ता वैयक्तिक निरोपात पाठवतो.

---

वजिराबाद_डिझायनर · रविवार, सायंकाळी ५:४८

पाठवा सर, माझ्या वॅकॉमवर आजच बघतो. पेनची मागची बाजू खोडरबर आहे, त्यानं पण पुसून बघू का?

---

निलंगा_मास्तर · रविवार, सायंकाळी ६:०२

नक्की बघा. खोडरबर आला की बटन्समध्ये (काय दाबलंय ते सांगणारा आकडा) ३२ येतं असं वाचून लिहिलंय, पण प्रत्यक्ष कधी बघितलं नाही.

---

खडू_फळा · रविवार, रात्री ८:१५

सर, माझ्या शाळेतही सात कॉम्प्युटर झाकून ठेवलेत. मला पण पत्ता पाठवा. उद्या माउस मोजते.

---

वजिराबाद_डिझायनर · रविवार, रात्री ९:३३

बघितलं. रेघ दाबाप्रमाणं जाड-बारीक होते, मागच्या बाजूनं पुसलं जातं. एकच अडलं : ‘श’ काढताना तळहाताशेजारी दुसरा हात टेकला तर काही होत नाही, पण पेन थोडा वेळ एकाच जागी दाबून धरला की राइट क्लिकचा गोल येतो.

---

गोदाकाठ · रविवार, रात्री ९:५०

तो विंडोजचा दाबून धरायचा राइट क्लिक आहे. विंडोजच्या पेन सेटिंगमधून बंद होतो. आणि सर, पानावर कॉन्टेक्स्टमेनू इव्हेंटला प्रिव्हेंटडिफॉल्ट द्या, म्हणजे टॅबवर बोट दाबून धरलं तरी मेनू उघडायचा नाही. लेकरं विचार करताना बोट तिथंच दाबून ठेवतात.